माझ्या नावावरची सोनोग्राफी

कळपातल्या शेळ्या गाभण राहिनाशा झाल्या, की आमच्या धंद्यात आधी बोकड तपासतात. शेळ्यांना कुणी हातसुद्धा लावत नाही. बोकडाला कुणीतरी शिंगांना धरून उभं करायचं, आपण त्याच्या मागं गुडघ्यावर बसायचं आणि दोन्ही गोळ्या हातात घेऊन दाबून बघायच्या. दोन्ही सारख्या हव्यात, घट्ट हव्यात, पण दगडासारख्या नकोत. एक लहान एक मोठी लागली, पाणी धरलेलं असलं, आत गाठ लागली, की तो बोकड खाटकाकडे जातो आणि पैदाशीला दुसरा येतो. वाळकीच्या बाजारात दोन शेळ्या घेऊन बसणाऱ्या कुठल्याही म्हातारीला हे ठाऊक असतं.

मग माझ्या बाबतीत इतकी वर्षं ते कुणालाच कसं ठाऊक नव्हतं?

मी लग्न होऊन पारनेर तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा आईनं एक संगमनेरी पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, सोबत दिली होती. त्या एका पाटीवरून मी धंदा उभा केला. आज माझी स्वतःची गाडी आहे, आणि ईदच्या आधी व्यापारी मला फोन करतात. सुरुवातीला असं नव्हतं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघं जण हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. भोवतीच्या लोकांना काही कळत नाही. आता बाईचं बोट कोण धरणार? म्हणून मी पहिल्या दिवसापासून तोंडानं भाव सांगितला, तोही मोठ्यानं. शेजारच्या चार जणांना माझा भाव ऐकू गेला की त्यांचे रुमालाखालचे सौदे मोडायचे. "ह्या बाईला कुणीतरी गप करा राव," असं एक जण रोज म्हणायचा. मी त्याला म्हणायचे, "तू कर की. माझा बोकड घे, मी गप बसते."

माझं तोंड बाजारात असं चालायचं. घरात मात्र सगळं रुमालाखालीच होतं.

माझा नवरा गावच्या दूध संकलन केंद्रावर होता. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचा, फॅट लावायचा. दुधात पाणी घालणाऱ्यावरसुद्धा त्यानं कधी आवाज चढवला नाही. नुसतं मशीनकडे बोट दाखवायचा आणि समोरचा माणूस मान खाली घालायचा. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्यांना नातवंड हवं होतं, त्यात काही चूक नव्हतं. पण ते येईना तेव्हा माझी तपासणी सुरू झाली. शिरूरला झाली, नगरला झाली, पुण्याला झाली. पिशवी धुतली, नळ्या तपासल्या, दर खेपेला सोनोग्राफी. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर म्हणायचे, "यांचं सगळं नॉर्मल आहे. मिस्टरांनाही तपासायला हवं." आणि प्रत्येक वेळी मिस्टर दाराबाहेर गाडीजवळ उभे असायचे.

एकदा मी जेवताना बोलून टाकलं. आत्या भाकरी थापत होत्या. मी म्हणाले, "आत्या, कळपाला दिस गेलं न्हाईत तर आपण आधी बोकड बघतो ना?"

थापणारा हात थांबला. "माझ्या लेकाला बोकड म्हनतीस?"

"तसं न्हाई. पन बघायला काय हरकत हाय?"

"शेळ्यात राहून शेळीगत झालीस तू," त्या म्हणाल्या. ती भाकरी करपली आणि तीच माझ्या ताटात आली. नवरा खाली बघून जेवत राहिला.

त्याला काही झालेलं नव्हतं असं नाही. त्याची छाती वाढत चालली होती. बायकांसारखी. त्यानं विहिरीवर पोहायला जाणं सोडलं, उन्हाळ्यातही शर्टाच्या आत दोन बनियन घालायचा. डेअरीवर कुणीतरी एकदा बोललं होतं, त्या दिवशी तो न जेवता झोपला. पुढं खालच्या बाजूला सूज आली. मला त्यानं हात लावू दिला नाही. बाजारात ज्या हातानं मी मुका माल ओळखते तो हात घरात चालत नव्हता. गुपचूप तो एका डॉक्टरकडे जाऊन आला. त्यानं चाचपून सांगितलं, "पाणी भरलंय, कितीतरी लोकांना होतं." सुईनं पाणी काढून दिलं. थोड्या दिवसांत पुन्हा भरलं. परत काढलं. त्या डॉक्टरनं एकदाही म्हटलं नाही की फोटो काढून बघू. त्याच्यावर माझा राग अजून आहे. रस्त्यात दिसला तर मी नजर वळवत नाही, तोच वळवतो.

शेवटी सूज इतकी वाढली की मोटरसायकलवर बसता येईना. मग तो आला माझ्याबरोबर नगरला. तिथल्या डॉक्टरांनी खोलीतला दिवा बंद करून खालून बॅटरी लावून बघितली. म्हणाले, "पाणी आहे खरं." मग शर्ट काढायला सांगितला. दोन बनियन निघाले. डॉक्टर बराच वेळ छातीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे आणि ते वेगळं नसावं. सोनोग्राफी करून या. आजच."

सोनोग्राफीची जागा माझ्या ओळखीची होती. लांब बाकडी, भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी, आणि बाकड्यावर सगळ्या पोटुशा बाया. सोबत आलेले पुरुष रस्त्यावर. नवऱ्यानं आत एकदा बघितलं आणि म्हणाला, "मी भायेर थांबतो. नंबर आला की हाक मार."

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट तुम्ही?"

"मी न्हाई. हे."

"त्यांची सोनोग्राफी?" ती हसली नाही. माझ्या शेजारची हसली.

मी बाकड्यावर बसले. सवयीनं हातात पाण्याची बाटली होती. माझ्या सगळ्या तपासण्यांना पाणी पिऊन बसावं लागायचं, त्याला लागत नव्हतं, पण माझ्या ते ध्यानातच आलं नाही. तेवढ्यात दारातून माझी चुलत जाऊ आली, गरोदर लेकीला घेऊन. मला बघून ती जागच्या जागी थांबली.

"आता गं बया! तू हितं?"

मी काही बोलायच्या आत तिची नजर बाटलीवर गेली.

"लपवतीस व्हय माझ्यापासून? लबाड! पी, पानी पी भरपूर, त्याबिगार दिसत न्हाई." तिनं माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "देवानं ऐकलं बाई तुझं."

दारात नवरा उभा होता. त्यानं तिला बघितलं आणि पाठ फिरवली. फिरवताना माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला, म्हणून मी गप्प बसले. लगेच आमचा नंबर आला. तो आत गेला, मी त्याच्या मागोमाग गेले. जावेनं दोघांना एकत्र आत जाताना बघितलं. तिची खात्रीच झाली.

आतले डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

"माझ्या पोटाचे फोटो तीन गावांच्या डॉक्टरांनी बघितले," मी म्हणाले. "मी हितंच उभी राहनार."

त्यांनी दार लावून घेतलं. नवऱ्याच्या अंगावर चादर टाकली, जेल लावलं आणि चादरीखालून हातातलं ते यंत्र फिरवायला लागले. पडद्यावर काळं दिसायला लागलं. "हे पाणी," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा हात एका जागी थांबला. काळ्याच्या आत एक गोल दिसत होता, लिंबाएवढा, कडा वाकड्यातिकड्या. त्यांनी एक बटण दाबलं तसे त्या गोलात लाल-निळे ठिपके पेटले. "याला रक्त जातंय," ते हळू म्हणाले.

माझ्या सगळ्या सोनोग्राफ्यांमध्ये पडदा मोकळा असायचा. दर वेळी मी मान वाकडी करून बघायचे, एखादा ठिपका तरी दिसेल. कधी दिसला नाही. आणि आज पहिल्यांदा आमच्या घरच्या माणसाच्या पडद्यावर काहीतरी वाढताना दिसत होतं.

"हातानं कळली नसती का?" मी विचारलं.

"पाण्याच्या आड होती. हाताला पाणीच लागतं." मग ते नवऱ्याशी बोलले. "नेहमी दिसते तशी ही गाठ वाटत नाही. कुठल्या प्रकारची आहे ते काढून तपासल्यावरच कळेल. पण काढावी लागेल, त्या बाजूच्या गोळीसकट. आणि लवकर."

नवऱ्यानं विचारलं, "मूल झालं नाही, ते ह्याच्यामुळं का?"

"असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "छातीचंही त्यामुळंच असणार."

मी भिंतीला टेकले. मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग की बाहेर येऊन त्या बाकड्यावर उभं राहून ओरडावं असं वाटलं. नवरा चादरीनं जेल पुसत होता, पुन्हा पुन्हा तीच जागा पुसत होता. त्याच्याकडे बघून माझा राग कुठं ठेवावा ते मला समजेना.

येताना सुप्याला चहाला थांबलो. त्याच्या चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही.

घरी आलो तर आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात भाकरतुकडा आणि तांब्या. जावेचा फोन आमच्या आधी पोचला होता. "थांब, तशी आत येऊ नको!" त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला, पायावर पाणी घातलं. माझ्यावरून ओवाळला, त्याच्यावरून नाही. मग त्यांनी मला मिठी मारली. लग्नानंतर पहिल्यांदा. त्यांच्या अंगाला मशेरीचा वास येत होता. "मी लई बोलले गं तुला. लई बोलले. आता कुनी बोलनार न्हाई. आजपासून बाजार बंद, बोकडं बांधून ठेव."

चुलीवर शिरा होता. नवरा सरळ शेळ्यांच्या शेडात निघून गेला. मी त्याच्या मागं गेले. दिवस मावळायला आला होता, शेळ्या वैरणीसाठी ओरडत होत्या.

"आत्यांना मी सांगते सगळं," मी म्हणाले.

"नको."

"मग?"

"राहू दे चार दिस. तिला बरं वाटतंय."

"आन चार दिसांनी? पोटाला उशी बांधू?"

तो शेळीच्या दाव्याची गाठ सोडत होता, परत बांधत होता. "गेलं म्हनून सांग," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हणाले, "जे न्हवतंच ते माझ्या पोटातनं गेलं म्हनून सांगू? खरं सांगायला तुमची जीभ झडती का?"

"सगळं गाव डेअरीवर येतं गं. मला काय म्हनतील?"

"आन मला इतकी वर्षं काय म्हनत हुते? आरती?"

"तुला सवय हाय," तो म्हणाला.

त्यानं ते टोचून म्हटलं नाही. खरं वाटत होतं त्याला. मला अजून ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

पण मी सौदा करणारी बाई. समोरच्याला काय हवंय ते कळलं की मला माझं मागता येतं. मी विचारलं, "ऑपरेशन कधी?"

"दिवाळी झाली की बघू."

"दिवाळी न्हाई. ह्याच आठवड्यात भरती व्हायचं. तुमचं हर्नियाचं हाय असं सांगू लोकांना, दुधाचे कॅन उचलून झालं म्हनू. माझं... माझं गेलं असं मी सांगते. पन ह्याच आठवड्यात. न्हाईतर आत्ता घरात जाऊन बोलते, आन मी कशी बोलते ते तुमाला ठाव हाय."

त्यानं दाव्याची गाठ पक्की केली. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला, आणि त्याखालून माझं बोट धरलं. बाजारात पुरुष धरतात तसं. दाबलं आणि सोडलं. सौदा झाला.

ऑपरेशन नगरलाच झालं. मी त्याच्याजवळ होते, आणि गावात निरोप गेला की धावपळीत माझं पोट पडलं. घरी आलो तेव्हा आत्यांनी ओसरीवर दोन बाजा शेजारी शेजारी टाकल्या होत्या. एकीवर तो, दुसरीवर मी. त्याच्या जांघेत टाके होते. मला काहीच झालेलं नव्हतं, तरी पांघरूण घेऊन पडून राहावं लागलं. आत्या मला तूप घालून भात भरवायच्या आणि तोंडानं बोलत राहायच्या.

"गाडीत बोकडं घालून हिंडायची हौस. धक्के बसलं आन गेलं माझं नातवंड. पैशापुढं काय दिसतच न्हाई हिला."

बघायला येणारी माणसं त्याला म्हणायची, "व्हईल बरं, काळजी करू नका." मग माझ्याकडे वळून जिभेनं च्च करायची. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. जागा असायचा. त्याचा श्वास मला कळतो. मी वाट बघायचे, आता वळेल, आता म्हणेल, आई, तिला बोलू नकोस. एकदा फक्त म्हणाला, "आई, पुरं." तेवढ्यावर भागवलं त्यानं.

मी तोंड उघडलं नाही. बाजारात दिलेला शब्द मी कधी फिरवला नाही, घरात कशाला फिरवू?

गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की अशी गाठ फार थोड्यांना होते, आणि झाली तरी बहुतेकांची साधी निघते, काढली की माणूस मोकळा. यांची साधी निघाली नाही. सीटी स्कॅन केलं तर पोटाच्या मागच्या बाजूला, मणक्याजवळ, गाठी दिसल्या. ते फोटो डॉक्टरांनी उजेडाच्या फळीवर लावून दाखवले. या गाठीवर औषधं नीट चालत नाहीत, असंही सांगितलं. मी विचारलं, "पहिल्यांदा पानी काढलं तवाच सोनोग्राफी झाली असती तर?" डॉक्टर म्हणाले, "ताई, आता ते..." आणि फळीवरचे फोटो काढायला लागले.

पुण्याला आणखी एक ऑपरेशन झालं. तरी तो जमेल तोवर डेअरीवर जात राहिला. एकच बनियन घालायचा आता, छाती उतरली होती. सगळंच उतरलं होतं. आत्यांना शेवटी कॅन्सर आहे एवढं सांगितलं, पोटात आहे म्हणून. त्या बाहेरच्या खोलीत देवापुढं बसून राहायच्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात, अगदी शेवटच्या दिवसांत, दुपारी त्यानं मला जवळ बोलावलं. पंखा चालू होता तरी मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते.

"आईला सांगायचं का गं?" त्यानं विचारलं. "त्या पोराचं?"

"आता कशाला?" मी म्हणाले. "शब्द दिलाय मी तुमाला."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पदरानं पुसलं. पण खरं सांगते, मला त्या वेळी मनातून वाटत होतं की त्यानं मला विचारायलाच नको होतं. हाक मारायची होती आईला आणि सांगून टाकायचं होतं. मी अडवलं असतं का? विचारल्यावर मी काय म्हणणार होते? सौद्यात समोरच्यानं आपणहून काही सोडलं तरच ते सोडणं असतं. मी मागून घेतलं असतं तर ते माझंच ओढून घेणं झालं असतं. त्यानं सोडलं नाही. तो गेला, आणि गावानं म्हटलं, आधी पोर गेलं, मग नवरा. काय नशीब बाईचं. त्या नशिबात माझी चूक किती ते बायका एकमेकींकडे बघून ठरवायच्या.

आत्या आणि मी, दोघीच राहिलो. मी बाजाराला जायचे, त्या शेळ्यांना पाला टाकायच्या. त्यांच्या पेटीत एक लहान गोधडी होती. ते चार दिवस घरात आनंद होता ना, तेव्हा त्यांनी शिवायला घेतली होती, लेकाच्या डेअरीच्या जुन्या शर्टांची. अर्धीच झाली होती. तो गेल्यावर त्यांनी ती पुरी केली. डोळ्यांना दिसत नव्हतं, टाके वाकडे पडले. कुणासाठी पुरी केली ते मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी आत्याही अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी मी त्यांची वेणी घालत होते. म्हणाल्या, "ए, एक बोलू?"

"बोला की."

"तवा तुला लई वंगाळ बोलले मी. गाडीचं, बोकडाचं. तुझा काय दोष? जायचं असलं की जातं. मी मनातनं काढून टाकलं ते सगळं. तू बी काढ."

माझ्या हातात वेणीचा पेड होता. जिभेवर सगळं आलं होतं: ती बाकडी, तो पडदा, तो काळ्यातला गोल. त्या मला माफ करत होत्या. जे मी केलंच नव्हतं त्याची माफी देत होत्या, आणि ती देताना त्यांना केवढा हलका वाटत होता जीव. मी पेड घातला, वेणीला दोरा बांधला.

"काढलं आत्या," मी म्हणाले.

महिनाभरानं त्या गेल्या. ज्यांच्यापायी गप्प बसायचं होतं ती दोन्ही माणसं आता नाहीत, म्हणून हे लिहिलं. शब्द मोडला असं कुणी म्हणू नये. आणि सोनोग्राफीच्या त्या बाकड्यावर अजूनही बायाच बसतात, पुरुष बाहेर गाडीजवळ उभे असतात. मी परवाच बघितलं.

या थंडीत माझी एक शेळी व्याली. करडू अशक्त होतं, थडथड उडत होतं. मी घरात येऊन पेटी उघडली आणि ती गोधडी काढली. दारापर्यंत आले. निळ्या पट्ट्यांचा एक तुकडा वर आला होता, त्याच्या त्या शर्टाचा, ज्याच्या आत तो दोन बनियन घालायचा. मी परत फिरले, गोधडी होती तशी घडी घालून ठेवली, आणि करडासाठी गोणपाट घेऊन गेले.